चिमीच्या नावावर काहीच नाही

भांडणात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. फुशारकी मारत नाही, गल्लीत कोणालाही विचारा. घरमालकाने पाणी तोडलं तेव्हा त्याच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर बसले होते ती मीच. घाऊक दुकानदाराने गंजलेल्या चेनचा गठ्ठा गळ्यात मारला, तेव्हा त्याच्या गिऱ्हाइकांसमोर एकेक चेन ओढून दाखवली. शेवटी त्याने हात जोडले आणि माल बदलून दिला. माझं दुकान म्हणजे आमच्या घराच्या जिन्याखालची जागा. एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि गुडघ्याला लागेल असं काउंटर. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कमरेत सैल करायचं नाहीतर घट्ट करायचं. लोक जाड होतात, बारीक होतात, मी आपली तिथेच बसलेली असते.

बातमी तिथेच आली. शेजारी बूटदुरुस्तीवाला बसतो, त्याचा रेडिओ सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो. मी कोणा वकिलाच्या पँटला चेन लावत होते. एवढ्यात तो हातात बूट तसाच धरून माझ्या दारात आला.

"वहिनी, ऐकलंत का? सरकारी कॉलेजांची फी कमी केली. आणि तिथे शिकायला ज्यांनी कर्ज काढलं होतं, त्यांचं राहिलेलं सगळं माफ! तुमची चिमी सुटली!"

माझ्या तोंडात दोरा होता. तो तसाच राहिला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. वकिलाची पँट त्या दिवशी एका चेनवाचून पडून राहिली.

चिमी माझी थोरली आणि धाकटीही तीच. लहानपणी बोलायचं नाव काढेना. तिच्या बरोबरीची पोरं गाणी म्हणायला लागली तरी ही मख्ख. नातेवाईक यायचे, तोंड पाडून बसायचे, जाताना मला धीर द्यायचे. मला धीर नको होता, मला ते लोक नको होते. शेवटी सरकारी रुग्णालयातल्या एका बाईंनी तिला आरशासमोर शेजारी बसवलं. फुंकर मार, ओठ मिट, जीभ दाखव, असे खेळ महिनोन्महिने चालले. मग एके दिवशी चिमी बोलली, आणि तेव्हापासून तिने तोंड मिटलेलं नाही. मोठी झाल्यावर काय होणार, हे त्या आरशासमोरच ठरलं होतं. न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं. दुसरं काही तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

ते शिक्षण सरकारी कॉलेजात होतं. आमच्या वेळी सरकारी कॉलेज म्हणजे गरिबाच्या पोराने डोळे मिटून जावं असं ठिकाण. आता पाटी सरकारी आणि दर दुकानाचा. दरवर्षी फी वाढायची. प्रयोगशाळेची वेगळी, परीक्षेची वेगळी, आणि वर्षभर कुलूप असलेल्या खेळाच्या मैदानाचीसुद्धा वेगळी. पदवीचा कागद हातात द्यायचेही पैसे घेतले. कर्ज काढलं. सगळ्यांनीच काढलं होतं, वर्गात कर्ज नसलेली पोरगी शोधून सापडली नसती.

पास झाली आणि कळलं की रुग्णालयात मिळणारा पगार हप्त्याला कसाबसा पुरतो. मग जेवायचं काय? म्हणून ती वॉशिंग मशीनच्या कंपनीत लागली, तक्रारी ऐकायच्या कामाला. कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं. पाणी गळतंय, दार उघडत नाही, मोजे सापडत नाहीत. मोजे हिने कुठून शोधून द्यायचे? पण ती हसत हसत ऐकायची. काम घरूनच. आमच्या आतल्या खोलीत खिडकीला लागून तिचं टेबल. फक्त रविवारी ती रुग्णालयात जायची, बिनपगारी, मुलांसोबत बसायला. रविवारी तिचा चेहराच वेगळा असायचा.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. अख्खं आयुष्य उंच इमारतींच्या अंधाऱ्या बोळात लोंबकळून काढलं. अबोल माणूस. मी दोघांच्या वाटचं बोलते, त्यामुळे संसारात समतोल आहे. लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो. खाली उतरण्याआधी मुख्य बटण बंद करायचं, त्याला आपलं स्वतःचं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. म्हणजे कोणी चुकून वीज चालू केली आणि आतला माणूस चिरडला, असं होत नाही. ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं. साहेब आला, मालक आला, तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. ह्यांच्या डोक्यात तो नियम इतका भिनलेला की घरचा गॅससुद्धा ज्याने लावला त्यानेच बंद करावा असं ह्यांना वाटतं. त्यापायी आमची दोनदा आमटी करपली आहे.

दोन वर्षांपूर्वी चिमीच्या कंपनीने पगार लांबवला आणि हप्ता चुकला. लगेच वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. तिला, मला, ह्यांना, बूटदुरुस्तीवाल्यालासुद्धा. त्याचा नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. फोनवरची माणसं गोड बोलत नव्हती. पोरीच्या जातीला लाज वाटायला हवी, इथपर्यंत मजल गेली. एकाला मी असं झाडलं की त्याने फोन आपटला, पण दुसऱ्या दिवशी दुसरा आला. आणि आमची बडबडी चिमी जेवताना गप्प बसायला लागली. काही विचारलं तर मान हलवायची. मला ती आरशासमोरची लहान पोर दिसायची.

ह्यांना ते बघवेना. कोणाला न विचारता ते त्यांच्या कामगारांच्या पतपेढीत गेले. आपल्या नावावर कर्ज काढलं आणि चिमीचं कॉलेजचं कर्ज एका दिवसात फेडून टाकलं. व्याजही थोडं कमी पडलं. संध्याकाळी घरी आले, खिशातून आपलं जुनं लाल कुलूप काढलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"आता कुलूप माझं आहे," ते म्हणाले. "तू निवांत राहा. तुला कोणी हात लावणार नाही."

चिमी ह्यांच्या गळ्यात पडून रडली आणि मग जी बोलायला लागली ती झोपेपर्यंत. मी केक आणला. शेजारीपाजारी म्हणाले, बाप असावा तर असा. मीही तेच म्हणाले, आणि ह्यांचं कौतुक मी सहसा करत नाही. तेव्हापासून ह्यांचा पगार पतपेढीत कापला जायचा आणि घर चिमीच्या पगारावर चालायचं. पण घरात आम्ही त्याला कॉलेजचं कर्जच म्हणत राहिलो. चिमी शिकली म्हणून ते झालं, ती कमावते म्हणून ते फिटतंय, मग दुसरं काय म्हणायचं?

म्हणून त्या रेडिओच्या दिवशी माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही.

त्यात रुग्णालयातली जागा नेमकी तेव्हाच रिकामी झाली होती. चिमीला लहानपणी बोलतं करणाऱ्या बाई कधीच निवृत्त झाल्या होत्या, त्यांच्यामागून आलेलीही निघाली होती. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चिमीला बोलावून सांगितलं, "जागा तुझ्यासाठीच आहे असं समज. पण महिनाअखेरपर्यंत मला कळव, त्यापुढे मी थांबवू शकणार नाही." चिमी तेव्हा नाही म्हणून आली होती. हप्ता जाऊन त्या पगारात घर चालत नव्हतं. आता माफीची बातमी आल्यावर मी म्हटलं, जा आणि हो म्हणून ये.

"आई, आधी कागद होऊ दे."

"कागद होतील गं! रेडिओ खोटं बोलतो का?"

रविवारी ती डॉक्टरीणबाईंना हो सांगून आली. येताना वाऱ्यावर चालत आली. तिकडे एक छोटी मुलगी होती, केसांना सोनेरी पिना लावणारी. ती कोणाशीच बोलत नसे, फक्त चिमीच्या शेजारी बसून ओठ हलवायची. चिमी म्हणाली, "आई, आता मी रोज तिच्यासोबत बसणार. रविवारची वाट बघत मागचं सगळं विसरते ती. रोज बसले ना, तर बोलेल."

हे त्या आठवड्यात रोज उशिरा येत होते. शनिवारी एक वस्तू घेऊन आले, जुन्या चादरीत गुंडाळलेली. कुठल्याशा इमारतीत लिफ्टमधला आरसा तडकला होता, म्हणून काढून टाकला होता. त्याचा चांगला भाग ह्यांनी कापून घेतला, कडा घासल्या, लाकडी चौकट केली. एक मूल आणि एक मोठं माणूस शेजारी शेजारी बसून दिसतील एवढा रुंद. मागे टेकू लावून टेबलावर उभा राहायचा. हे चिमीला म्हणाले, "कडेवरून बोट फिरव. टोचतंय का बघ. लहान पोरं हात लावणार." तिने बोट फिरवलं. कुठेही टोचत नव्हतं. मग हे खाली बसले, दुखऱ्या गुडघ्याची पट्टी सोडली आणि म्हणाले, "आता मीही वरच्या मजल्यांची कामं सोडतो. खाली बसून तारा जोडायचं काम मिळतंय. पगार कमी आहे, पण आता चालेल." हा माणूस स्वतःहून एवढी वाक्यं बोलला, यावरूनच काय ते समजा.

कर्जमाफीच्या कचेरीत मी आणि चिमी गेलो. भांडायची वेळ आली तर असावं म्हणून मी सोबत. भिंतीला लागून खुर्च्या, वर पंखा, आणि खिडक्यांमागे बसलेली माणसं. आमच्या खिडकीतल्या बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या. चिमीने नाव सांगितलं, त्यांनी टाइप केलं, बघितलं, पुन्हा टाइप केलं आणि हसल्या.

"तुमच्या नावावर काहीच नाही. दोन वर्षांपूर्वीच पूर्ण फिटलंय. अभिनंदन!"

चिमीच्या लक्षात माझ्याआधी आलं. तिचा हात काउंटरवरून हळूच खाली गेला.

"फिटलं नाही हो," मी म्हटलं. "फक्त तिच्या वडिलांनी पतपेढीतून पैसे काढून भरले. ते अजून फेडतोच आहोत आम्ही. तेच कर्ज आहे ते."

"पतपेढीचं कर्ज वडिलांच्या नावावर आहे ना?"

"हो."

"मग ते वैयक्तिक कर्ज झालं. शिक्षणाचं नाही. माफी फक्त ज्यांचं शिक्षणाचं कर्ज आज शिल्लक आहे त्यांना."

मी आवाज चढवला. म्हटलं, म्हणजे ज्यांनी थकवलं त्यांचं माफ आणि ज्याने इमानेइतबारे फेडलं त्याच्या गळ्याला फास? हा कुठला न्याय? रांगेतली माणसं बघायला लागली. एरवी एवढ्यावर समोरचा उलटून बोलतो, आणि एकदा उलटून बोलला की तो माझा. पण त्या बाई उलटून बोलल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या बहिणीचंही असंच झालं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घर गहाण टाकून मुलाचं फेडलं तिने, मागच्याच वर्षी. रोज असे येतात. मी वर लिहून पाठवते. वरून काही येत नाही."

त्यांनी चिमीला पाणी दिलं. काय भांडायचं त्यांच्याशी? मला वरच्या साहेबांना भेटायचं होतं, तर साहेब त्या इमारतीत बसतच नव्हते. ते कुठे बसतात ते त्या बाईंनाही ठाऊक नव्हतं.

तिथून तडक पतपेढीत गेलो. दोन खोल्यांची जागा. तिथले चिटणीस ह्यांच्यासोबत पूर्वी लिफ्टवरच काम करत होते, पाठीने दगा दिल्यावर खुर्चीत बसले. आमचं सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, सरकारने कॉलेजच्या कर्जाचे पैसे स्वतःच्या खिशातून सोडले. आमच्या खिशात काय आहे? कामगारांची बचत. उद्या एखाद्याची पोर आजारी पडली, कोणी पडून हात मोडला, तर द्यायचे कुठून? तुमचं सोडलं तर कोणाच्या ताटातलं काढू, सांगा तुम्हीच."

त्यांचं बरोबर होतं. मला कोणीतरी चुकीचं हवं होतं, निदान एक माणूस, ज्याच्या दारात खुर्ची टाकून बसता येईल. दिवसभर हिंडलो आणि तसा एकही भेटला नाही. बसथांब्यावर चिमी म्हणाली, "आई, तू रडू नकोस, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत.

घरी हे आमची वाट बघत उभे होते. चिमीने काही सांगितलं नाही, मीच सांगितलं. एरवी मी पाल्हाळ लावते, त्या दिवशी दोन वाक्यांत संपलं. ह्यांनी आतल्या टेबलावरच्या आरशाकडे बघितलं.

"मीच लावलं ना ते कुलूप," म्हणाले.

"बाबा, तुम्ही तेव्हा ते केलं नसतं तर मी वेडी झाले असते," चिमी म्हणाली.

"दोन वर्षं. फक्त दोन वर्षं कळ काढली असती तर..."

"कोणाला माहीत होतं?"

"मी विचारायला हवं होतं कुणाला तरी."

"कुणाला विचारणार होता? कुणाला माहीत होतं?" मी ओरडले. ह्यांच्यावर नाही. पण घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे ते ह्यांनाच लागलं. ते आत गेले आणि गुडघ्याला पट्टी बांधत बसले.

जमत नाही असं सांगायला चिमीने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी महिनाअखेरपर्यंत खरंच वाट बघितली, एकदा स्वतःहून फोनही केला. शेवटी म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं गं. पगार वाढवणं माझ्या हातात असतं तर आजच वाढवला असता." सगळ्यांनाच फार वाईट वाटत होतं. जो भेटेल त्याला वाईट वाटत होतं, आणि कोणाच्याच हातात काही नव्हतं.

ती जागा लंबूला मिळाली. लंबू चिमीच्या वर्गातली मैत्रीण, दारातून वाकून यावं लागतं इतकी उंच. तिचं कर्ज माफ झालं. तिचा बाप नव्हता, फेडायला कोणी नव्हतं, म्हणून ती वसुलीवाल्यांच्या भीतीने नंबर बदलत, खोल्या बदलत राहिली होती. केवढे हाल काढले होते त्या पोरीने! तिच्यावर तरी कसं चिडायचं? पहिला आठवडा झाल्यावर ती आमच्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"काकू, मी येऊ का?"

"ये की गं. वाक मात्र."

ती हसली नाही. चिमीचे हात धरून म्हणाली, "मी ही जागा घ्यायला नको होती."

"वेडी आहेस का? तू नसती घेतलीस तर तिसऱ्याच कोणीतरी घेतली असती. बस."

मी चहा टाकला. दोघी आतल्या खोलीत बसल्या. मला सगळं ऐकू येत होतं, आमच्या घरात भिंती नावालाच आहेत. लंबू सांगत होती, पिना लावणारी ती मुलगी तिच्याशी काही करत नाही. समोर बसवलं की मान वळवते. दाराकडे बघत राहते.

"समोर नको बसवूस," चिमी म्हणाली. "शेजारी बस. तिला तुझं तोंड नको असतं, स्वतःचं बघायचं असतं. आणि आधी काही बोलू नकोस. नुसती फुंकर मार आरशावर. वाफ धरली की ती बोटाने पुसते. मग तीही मारते. तिथून पुढे 'फ' निघेल बघ, 'प' नको करायला लावूस आधी."

"तिथला आरसा एवढासा आहे गं. दोघी मावत नाहीत."

आत खुर्ची सरकली. मी चहा घेऊन गेले तेव्हा चिमी आरसा त्याच जुन्या चादरीत गुंडाळत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. जाताना लंबूने तो लहान मूल धरावं तसा छातीशी धरला होता, आणि दारातून वाकताना आधी आरसा सांभाळला, मग डोकं.

हे संध्याकाळी आले. पुन्हा वरच्या मजल्यांचीच कामं घेतली आहेत. जिना चढताना मधेच थांबतात ते मला दुकानातून ऐकू येतं. हात धुऊन आत गेले आणि टेबलाकडे बघून थांबले. आरशाच्या जागी ते लाल कुलूप तेवढं होतं, कधीपासून तिथेच पडलेलं.

"दिला तिने?" मला विचारलं.

"लंबू घेऊन गेली. त्या मुलीसाठी."

त्यांनी मान हलवली. कुलूप उचललं, उलटसुलट करून बघितलं, खिशात टाकलं. मग दारापाशी वळले.

"लंबूला फोन करून विचार," म्हणाले. "डाव्या बाजूची खालची कड. मी घाईत घासली होती. पोरांना टोचत नाही ना, एवढं विचार."

थोड्या वेळाने फोन लावायला मी आतल्या खोलीत गेले, तर चिमी तिथे येऊन हेडफोन लावून बसली होती. खिडकीकडे तोंड करून ती कोणाला तरी विचारत होती, पाणी दाराच्या खालून येतंय की मागच्या नळीतून. आवाज स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं, त्या रुग्णालयातल्या बाईंनी शिकवलं होतं तसं. पलीकडचा माणूस बहुतेक ओरडत असावा. "हो, समजतंय मला," चिमी म्हणत होती. "मला खरंच वाईट वाटतंय. पण ते माझ्या हातात नाही."